चुंबकी मुळाक्षरांचा डबा: घ्यावा का, आणि घेतला तर कसा वापरावा

जून जवळ आला की छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात, लातूरच्या गंजगोलाईत, नांदेडच्या वजिराबादेत हा डबा हटकून दिसतो. फोमची अक्षरं, पाठीमागे चिकटवलेलं चुंबक, काना-वेलांट्यांचे सुटे तुकडे, पाटीएवढा पत्र्याचा फळा आणि चित्रांची कार्डं. किंमत साडेतीनशेच्या आतबाहेर. चार ते सहा वर्षांच्या लेकरासाठी घ्यायला हरकत नाही. पण सोबतच्या कागदात लिहिलंय तसं 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत ओळीनं लावत बसलात, तर डबा लवकरच माळ्यावर जाईल.

काना-वेलांट्यांच्या या सुट्या मात्रा हीच यातली पैसे वसूल करणारी गोष्ट. बाराखडी घडाघडा म्हणणाऱ्या लेकरालाही 'मा' आणि 'मी' यांत नेमकं काय बदललं ते सांगता येत नाही. इथं 'म' जागेवरच राहतो, काना निघतो, वेलांटी लागते, आणि फरक डोळ्यांदेखत घडतो. सुरुवात क, म, न, ल, र आणि काना एवढ्यावरच करा. कान, नाक, मान, काम, कमान इतके शब्द त्यातच निघतात. मग दुसरी वेलांटी. पहिली वेलांटी सगळ्यात शेवटी, कारण ती ऐकू येते अक्षरानंतर आणि बसते अक्षराच्या आधी. लेकरं ती उजवीकडे लावतात ती ऐकू आलं त्याला प्रमाण मानून. रागावू नका, अक्षर आधी ठेवून डावीकडून वेलांटी सरकवायला सांगा.

आता दोष. बहुतेक डब्यांत प्रत्येक अक्षर एकच आणि काने दोनच. म्हणजे काका, मामा, बाबा, दादा यांतलं एकही लागत नाही! लेकराला सगळ्यात आधी जे लावून पाहायचं असतं, तेच अडतं. उपाय फुकटातला आहे: जुन्या लग्नपत्रिकांचे चार-चार सेंटिमीटरचे चौकोन कापा, नेहमीची अक्षरं तीन-तीनदा आणि काने सहा करा, आणि खेळ फळ्यावरून चटईवर आणा. तसाही तो फळा छोटाच. चुंबकाच्या अक्षरांना धान्याची पत्र्याची कोठी जास्त सोयीची. लेकराच्या उंचीला येते आणि शब्द दिवसभर डोळ्यांसमोर राहतो.

दुकानातच डबा उघडून 'ळ' शोधा. हिंदीच्या साच्यातून काढलेल्या संचांत तो नसतो, उलट खाली टिंब दिलेले ड आणि ढ असतात. ल आणि श यांची वळणंही हिंदीची. 'ळ'शिवाय बाळ, केळं, शाळा, काळा सगळंच गेलं.

चुंबकाकडे मात्र काणाडोळा नको. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, त्यातून पत्र्याच्या घरात, गोंद सैल पडतो आणि चुंबक सुटतं. दोन चुंबकं गिळली गेली तर आतड्याच्या वळणांतून एकमेकांना ओढतात आणि आतडं चिमटतं. हे थेट दवाखान्याचं काम. दर आठवड्याला नखानं कडा उचलून पाहा, सैल तुकडा बाजूला काढा. घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर हा डबा घेऊच नका. खेळण्यांवर आयएसआय चिन्ह १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचं आहे. ते नसेल तर पुढचं दुकान बघा.

कार्डांवर एडका, ऐरण, यज्ञ, खटारा. आजच्या पाच वर्षांच्या लेकरानं यातलं काय पाहिलंय? ती बाजूला ठेवून तूर, कापूस, भाकर, घागर, बैल अशी चित्रं स्वतः काढा. वाकडी आली तरी चालतील. 'च'ला दोन कार्डं हवीत, कारण चहातला च आणि चमच्यातला च कानाला वेगळे आहेत. डब्यात एकच येतं, आणि घरी दखनी (इकडची उर्दू) बोलणारं लेकरू मग चमचाही चहासारखाच म्हणतं. तांड्यावरच्या लेकरानं चित्र पाहून गोरमाटी, म्हणजे बंजारा बोलीतला, शब्द सांगितला तर तो आधी घ्या, मराठी शब्द त्याच्या शेजारी ठेवा. चुकीचं म्हणून खोडलात तर ते पुढच्या कार्डाला तोंडच उघडणार नाही.

कार्डांचा सगळ्यात चांगला उपयोग अक्षराविना होतो. दोन ताटल्या मांडा, एक 'क'ची, दुसरी 'म'ची, आणि दोन्हींची तीन-तीन कार्डं मिसळून लेकराच्या हातात द्या. लेकरानं नाव मोठ्यानं घेऊन पहिल्या आवाजावरून ताटली निवडायची. सहापेक्षा जास्त कार्डं दिली की ते आवाज ऐकायचं सोडून अंदाजानं टाकतं. ब-भ, द-ध अशा जवळच्या जोड्या महिनाभर तरी नकोत. दहा मिनिटं पुरे, आणि लेकरू उठलं तर उठू द्या.

हरवलेले तुकडे सुटे मिळत नाहीत, म्हणून बिल देण्याआधी मात्रा मोजून घ्या. बहुतेकदा कमी भरतो तो उकार.