पक्ष्याचा जीवाश्म खोदायचं किट: खेळणं मस्त, पुस्तिकेत घोळ (३ स्टार)

भाच्यासाठी मागवलेलं, खेळलो जास्त मीच. मालवणात पोचायला नऊ दिवस लागले, त्यात भर जुलै, त्यामुळे प्लास्टरची लादी ओलसर आली आणि एक कोपरा हातातच भुगा झाला. दोन दिवस चुलीपाशी ठेवली तेव्हा कुठे खोदण्यालायक झाली. सोबतची प्लास्टिकची छिन्नी पहिल्याच दिवशी मोडली, मग सरळ घरातला स्क्रू ड्रायव्हर घेतला. ब्रश ठीक आहे. पडवीभर पांढरी धूळ होते हे आधीच सांगून ठेवतो.

आतला पक्षी मात्र खरंच भारी केलाय. चीनच्या ल्याओनिंगमधला कन्फ्युशियसॉर्निस, साधारण १२ कोटी वर्षांपूर्वीचा, कावळ्याएवढा, चोचीत दात नाहीत, शेपटीला दोन लांब पट्ट्या, आपल्या स्वर्गीय नर्तकाला असतात ना तशा. हाडांभोवती पिसांचा काळपट पसारा. आईने बघितलं आणि विचारलं, "रे, ह्यो कोंबो खंय गावलो?"

राग आला तो पुस्तिकेचा. त्यात लिहिलंय की पिसांचा चिखलात फक्त ठसा उमटला. आता जर्मनीतल्या आर्किऑप्टेरिक्स या आद्य पक्ष्याची पिसं बरीचशी ठशासारखी आहेत हे मान्य, पण ल्याओनिंगच्या पक्ष्यांत दिसतो तो काळा डाग म्हणजे पिसातल्या मेलॅनिनचा, म्हणजे काळपट रंग देणाऱ्या द्रव्याचाच उरलेला अंश. त्याचे बारीक बारीक कण मायक्रोस्कोपखाली दिसतात, आधी लोक त्यांना सडवणारे बॅक्टेरिया समजायचे, २००८ मध्ये याकोब विंथर हा जीवाश्मांचा अभ्यासक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की हे रंगकण आहेत. आणि त्याच्या डोक्यात हे आलं कुठून, तर माकूल (स्क्विड) जातीच्या प्राण्यांच्या जीवाश्मांतल्या शाईवरून! माकूल साफ करताना पिशवी फुटली की बोटं काळी होतात, नखाच्या कडेची तर दुसऱ्या दिवसापर्यंत जात नाही, ते मेलॅनिनच. एवढी आपल्या घरातली गोष्ट आणि पुस्तिकेत एक ओळ नाही.

बाकीचं मांस-कातडी का टिकत नाही तेही नीट नाही दिलेलं. आमच्या खाडीच्या चिखलात बगळा मेला तर कुर्ल्या दोन दिवसांत साफ करतात. ल्याओनिंगला तळ्यांच्या तळाशी ऑक्सिजन जवळपास नव्हता, म्हणजे खाणारे नाहीत, सडणं मंद, वरून ज्वालामुखीची राख आणि बारीक गाळ. तरी स्नायू वगैरे बहुतेक जातातच, सडायच्या आत फॉस्फेटसारखं खनिज त्यांच्या जागी बसलं तरच आकार राहतो. जर्मनीत मेसेलच्या खाणीत तर ४.८ कोटी वर्षांपूर्वीच्या पक्ष्याच्या शेपटीजवळची तेलाची ग्रंथी सापडली, आतल्या तेलाचे अंश शिल्लक! पुस्तिकेत याऐवजी दोन पानं डायनासोरचे स्टिकर.

विक्रेत्याला फोटोसकट सगळं कळवलं. आठवड्याने नवीन छिन्नी आली, सोबत पुस्तिकेची आणखी एक कॉपी.