ॲम्लोडिपिन आणि मेटोप्रोलॉल: नाडी कुठे हलते?

आमच्या घरी फ्रीजवर गोळ्यांचे दोन डबे असतात. आईचा ॲम्लोडिपिनचा, बाबांचा मेटोप्रोलॉलचा. बीपी दोघांचंही आटोक्यात. पण गोदापार्कवर चक्कर मारून आले की आईची नाडी 112 आणि बाबांची जेमतेम 84. आधी वाटलं, बाबांचं घड्याळच बिघडलंय.

मेटोप्रोलॉल हा बीटा ब्लॉकर. ॲड्रेनॅलिनने कितीही हाका मारल्या तरी हृदयाला त्या कमीच ऐकू येतात. म्हणून पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना बाबांचे पाय जड होतात, दम लागतो, पण ठोके फारसे वाढत नाहीत. बसल्या जागी 55-60 नाडी यात नवल नाही. 50 च्या खाली जाऊन गरगरलं तर मात्र डॉक्टरांना फोन. मधुमेह्यांनी जास्त जपावं: साखर उतरल्यावरची धडधड ही गोळी झाकते, घाम तेवढा फुटतो. आणि मनानेच एकदम बंद केली, तर ठोके आणि बीपी दोन्ही उसळतात.

ॲम्लोडिपिन रक्तवाहिन्या सैल करतं. बीपी झटकन पडलं असतं तर हृदय भरपाईला धावलं असतं. पण हे औषध संथ, निम्मं शरीराबाहेर पडायलाच 30 ते 50 तास. त्यामुळे नाडी बहुधा जागच्या जागी. क्वचित कुणाला धडधडतं. आईची तक्रार वेगळीच: संध्याकाळी घोटे सुजतात, मोज्याची खूण उमटते.

नुसतं बीपी असेल तर मला ॲम्लोडिपिनच सोपं वाटतं. बाबांना अँजायना आहे, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं; तिथे हळू चालणारं हृदयच हवं. चालताना ते घड्याळ बघत नाहीत. गप्पा मारता येतायत ना, एवढंच बघतात.