क्लॅमस्कॅन की मालडेट? हॅक झालेली साइट हातात असताना

क्लॅमस्कॅन (क्लॅमएव्ही या अँटीव्हायरसची स्कॅन करणारी कमांड) आणि मालडेट (लिनक्स मालवेअर डिटेक्ट) हे दोन्ही सर्व्हरवरच्या फाइलींत घातक कोड शोधतात. पकड कुणाची चांगली, यावरून दोघांत भांडण लावण्यात फारसा अर्थ नाही. सर्व्हरवर क्लॅमएव्ही असेल तर मालडेट त्याचंच इंजिन वापरतो. वर पीएचपी वेबशेलसाठीच्या (हल्लेखोराला ब्राउझरमधून सर्व्हर चालवू देणाऱ्या फाइलींसाठीच्या) स्वतःच्या सिग्नेचर, म्हणजे ओळखीच्या खुणा.

क्लॅमस्कॅन दर वेळी सिग्नेचरचा सगळा डेटाबेस मेमरीत चढवतो, 1 जीबीहून जास्त. छोट्या व्हीपीएसवर (भाड्याच्या व्हर्च्युअल सर्व्हरवर) तो मध्येच ‘किल्ड’ म्हणून बंद पडतो, किंवा त्याच्या पापाची शिक्षा मायएसक्यूएलला होते: मेमरी संपली की सिस्टिम साइटचा डेटाबेसच बंद पाडते. क्लॅमडीस्कॅन हेच काम मागे सतत चालू असलेल्या क्लॅमडीकडून करून घेतो; त्याने चढवण्याचा वेळ वाचतो, पण क्लॅमडी रॅम अडवून बसतोच. शिवाय फाइली क्लॅमडीच्या युजरने वाचल्या जातात, म्हणून ‘परमिशन डिनाइड’ची रांग लागते; एफडीपास हा पर्याय दिला की ती थांबते.

हे सगळं चालवून घेता आलं असतं. मला नकोसं झालं ते क्लॅमस्कॅनचं ‘मूव्ह’, म्हणजे सापडलेली फाइल हलवणारा पर्याय. सापडलेल्या फाइली मूळ पाथ सोडून एकाच फोल्डरात पडतात. पाच साइटींच्या पाच इंडेक्स डॉट पीएचपी तिथे .001, .002 अशा शेपट्या लावून बसतात. कोणती कुणाची हे लॉगच सांगणार, आणि लॉगचा पर्याय द्यायला विसरलात तर बसा उघडून बघत. फाइल पुसणारा ‘रिमूव्ह’ तर नकोच: घुसवलेला कोड बरेचदा चांगल्या फाइलीच्या पहिल्या ओळीत असतो. वर्डप्रेसची सेटिंगची फाइल डब्ल्यूपी-कॉन्फिग उडाली की साइटच आडवी.

मालडेटमध्ये प्रत्येक स्कॅनला आयडी मिळतो. क्वारंटाइन-हिट्स (सापडलेल्या फाइली आपोआप वेगळ्या काढून ठेवण्याची सेटिंग) मुळात 0 असतं, म्हणजे आधी फक्त रिपोर्ट. तो वाचायचा, मग त्याच आयडीवर ‘मायनस क्यू’ देऊन फाइली क्वारंटाइन करायच्या. चुकून चांगली फाइल गेली तर ‘मायनस एस’ने ती जुन्या जागी, जुन्या ओनर-परमिशनसह परत. ‘मायनस आर’ला 2 दिवस सांगितले तर तेवढ्यात बदललेल्याच फाइली तपासतो, भरलेल्या सर्व्हरवर हे फार सुखाचं वाटतं.

दोन खोडी मात्र आहेत. रूटच्या (सर्व्हरच्या मुख्य अॅडमिन खात्याच्या) मालकीच्या फाइली मालडेट मुळात वगळतो; रूटच हल्लेखोराच्या हाती गेला असल्याची शंका असेल तर स्कॅन-इग्नोर-रूट 0 करा. आणि 2 एमबीवरच्या फाइलींना हात लावत नाही, ती मर्यादा वाढवावी लागते. मेल सर्व्हर असेल तर मीही क्लॅमडीच ठेवेन.

क्वारंटाइननंतर वर्डप्रेसच्या मूळ फाइलींचे (कोअरचे) चेकसम पडताळा, म्हणजे त्या बदलल्यात का ते कळेल, अपलोड्समध्ये पीएचपी शोधा, पासवर्ड बदला. तीच फाइल मिनिटाभरात परत उगवली, तर त्या युजरचा क्रॉनटॅब (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी) उघडा. बरेचदा ती तिथूनच येते.