जानसचा अस की कॉन्स्टंटाइनचा सूर्य?

पहिले रोमन कांस्यनाणे कोणते घ्यावे, या पेचात किंमत आधी पाहावी. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने चौथ्या शतकाच्या आरंभी विपुल पाडलेली सूर्यदेवाची नाणी स्वस्तात व सुस्थितीत मिळतात, तर प्रजासत्ताककालीन ‘अस’ या कांस्यनाण्यावरचा द्विमुखी देव जानस बहुधा झिजलेलाच असतो. ओळखही सूर्याचीच सोपी, कारण भोवती ‘सोली इन्विक्टो कोमिटी’ (अजिंक्य सूर्य या सहचराला) हा लेख आणि तळाशी टांकसाळीची खूण असते.

देवतांचे वैविध्य मात्र असच्या कुटुंबात, म्हणजे त्याच्या अंशांइतक्या मूल्याच्या छोट्या नाण्यांत आहे: सेमिसवर सॅटर्न, त्रिएन्सवर मिनर्व्हा, क्वाड्रन्सवर हर्क्युलिस, सेक्स्टन्सवर मर्क्युरी आणि सर्वांच्या मागे जहाजाची नाळ, म्हणजे पुढचे टोक. चेहरा पुसट झाला तरी नाण्यावरचे मूल्यदर्शक ठिपके मोजून, चार असल्यास त्रिएन्स, तीन असल्यास क्वाड्रन्स, असे मूल्य ठरवता येते. ही सोय मला विशेष भावते. जपणूक दोन्हींची सारखीच, कोरड्या जागी.

लेख वाचायची हौस असलेल्या नवख्याने सूर्य घ्यावा. देवतांची मालिका जमवायची असेल, तर झीज सोसून अस.