टर्मिनलवरून फाइल मेल करायचीय: यूयूएनकोड, बेस६४ की सरळ मट?

सर्व्हरवर ना ब्राउझर ना काही, आणि रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणारी सोय) एक झिप मेलवर टाकायचीय, तर कशी टाकायची? फाइल तशीच मेल कमांडला पाइप करून भागत नाही. मेल पोचवायच्या पद्धतीचे, म्हणजे एसएमटीपीचे नियम १९८२ चे, तेव्हा ७ बिटांचा साधा मजकूर जायचा आणि एक ओळ फार तर १००० कॅरेक्टरची, म्हणून आधी फाइलचं टेक्स्ट करायला लागतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. यूयूएनकोड आणि बेस६४ या फाइलचं टेक्स्ट करणाऱ्या कमांड, मट हा टर्मिनलवरून मेल पाठवणारा प्रोग्रॅम. मेल माणूस उघडणार असेल तर मट, स्क्रिप्ट उघडणार असेल तर बेस६४, आणि पलीकडे खूपच जुनं युनिक्स असेल तरच यूयूएनकोड.

यूयूएनकोड १९८० मध्ये मेरी ॲन हॉर्टन यांनी बर्कलीला असताना लिहिलं. आतला हिशोब यूयूएनकोड आणि बेस६४ दोघांचा सारखाच, तीन बाइट म्हणजे २४ बिट घ्यायचे, सहा-सहा बिटांचे चार तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याला एक कॅरेक्टर द्यायचं. फरक आहे तो कुठली ६४ कॅरेक्टर घेतली त्यात. यूयूएनकोडनं स्पेसपासून पुढची सलग घेतली, त्यात विरामचिन्हं भरपूर आणि शून्यासाठी चक्क स्पेस, मग वाटेतल्या एखाद्या मशीननं ओळीच्या शेवटच्या स्पेस खाल्ल्या की लागली वाट. नंतर स्पेसच्या जागी बॅकटिक (`) आला. बेस६४ मध्ये नुसती इंग्रजी अक्षरं, आकडे, प्लस आणि स्लॅश, शेवटी लागलंच तर इक्वल टू, त्यामुळे ते कुठूनही सुखरूप पोचतं.

पण यूयूएनकोडची एक गोष्ट मला अजून आवडते. पहिल्याच ओळीत "बिगिन ६४४ रिपोर्ट.झिप" असं परमिशन आणि नावासकट लिहिलेलं असतं, शेवटी "एंड", त्यामुळे वरखाली चार ओळी मजकूर असला तरी डिकोड करणारा बरोबर तेवढंच उचलतो. बेस६४ कमांडला नावबिव काही माहीत नसतं, ते तुम्हीच विषयात वगैरे लिहायचं, आणि वर "नमस्कार" लिहिलेला अख्खा मेल डिकोडला दिला तर ते एकतर एरर देतं नाहीतर कचरा काढतं.

यूयूएनकोडचा नेहमीचा खड्डा म्हणजे फाइलचं नाव दोनदा द्यायला लागतं, पहिलं वाचायच्या फाइलचं आणि दुसरं पलीकडे जे नाव पडायला हवं ते. एकदाच दिलं तर ते त्याला पलीकडचं नाव समजतं आणि कीबोर्डवरून इनपुट यायची वाट बघत बसतं, आणि आपण मात्र फाइल मोठी असेल म्हणून कर्सरकडे बघत बसतो. (मी बसलोय.) शिवाय बऱ्याच लिनक्सवर ते आधीपासून नसतंच, शारयुटिल्स नावाचं पॅकेज टाकायला लागतं.

बेस६४ लिनक्सवर बहुतेक सगळीकडे असतं. दर ७६ कॅरेक्टरला ओळ तोडतं, ती तशीच तुटू द्या, हौसेनं मायनस डब्ल्यू शून्य देऊन सगळं एका ओळीत केलंत तर ती वरची १००० ची मर्यादा आडवी येते. मॅकवरचं बेस६४ मात्र आपणहून ओळी तोडत नाही, तिकडे बघून घ्या.

साइजवरून निवडू नका, दोन्हीत फाइल सव्वापट ते दीडपटच्या मधे कुठेतरी फुगते, बेस६४ किंचित कमी. २५ एमबीची मर्यादा असेल तर साधारण १८ एमबीचीच फाइल मावते. जिझिप करायचं (फाइल दाबून लहान करायची) तर आधी करा आणि मग एनकोड. वायएन्क नावाचं आणखी एक एनकोडिंग खूप कमी फुगवतं पण ते यूझनेटसाठी (जुन्या चर्चागटांचं नेटवर्क) आलेलं आणि त्याला ८ बिटांचा रस्ता लागतो, मेलला नको.

आता मट. १९९२ मध्ये माइम (मेलमध्ये फाइल जोडायचं स्टँडर्ड) आलं आणि अटॅचमेंट म्हणजे काय हे मेललाच कळायला लागलं, आत बेस६४च असतं पण नाव, प्रकार, हद्द सगळं हेडरमध्ये. मी एकदा महिनाभर यूयूएनकोड करून रिपोर्ट पाठवत होतो, तर घेणाऱ्या बाईंनी शेवटी विचारलं की हे रोज एम एम एमनं सुरू होणारं पान कसलं येतं. भरलेली ओळ ४५ बाइटची, त्या लांबीचं कॅरेक्टर एम, म्हणून प्रत्येक ओळीला एम! त्यांना फाइल कधी दिसलीच नव्हती.

मटला मायनस एस विषय, मायनस ए फाइल, मग दोन मायनस आणि पत्ता, आणि इनपुट डेव्ह नलमधून (म्हणजे रिकामं). ते दोन मायनस विसरलात तर पत्त्यालाही तो फाइल समजतो आणि अशी फाइल नाही म्हणून थांबतो. मेलएक्सवर (टर्मिनलवरून मेल पाठवायची आणखी एक कमांड) भरवसा ठेवताना जपून, कारण मायनस ए एका मेलएक्समध्ये फाइल जोडतं आणि दुसऱ्यात नुसतं हेडर वाढवतं, तेव्हा आपल्या मशीनवरचं मॅन पेज (कमांडची माहिती) उघडा, एक मेल स्वतःला पाठवा आणि आलेल्या फाइलचा शा२५६सम (फाइलच्या आतल्या बाइटवरून निघणारा ठसा) मूळ फाइलशी जुळतोय का बघूनच क्रॉनला लावा.