यॉर्क की डब्लिन? व्हायकिंगांच्या वसाहती बघायला निघणाऱ्यांसाठी

ब्रिटनमध्ये शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या मुलांकडे आई-वडील जातात, लंडन बघून होतं आणि हाताशी दोन-तीन दिवस उरतात. त्यात कुणाला इतिहासाची ओढ असेल, तर व्हायकिंगांसाठी (स्कँडिनेव्हियातून समुद्रमार्गे येऊन लूट करणारे लोक) दोन शहरांची नावं पुढे येतात: उत्तर इंग्लंडमधलं यॉर्क आणि आयर्लंडची राजधानी डब्लिन. दोन्ही एकाच फेरीत उरकायचा हट्ट धरू नका. एक निवडा आणि पोटभर बघा.

लुटीची सुरुवात दोन्हीकडे सारखीच झाली. 793 साली ईशान्य इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या लिंडिसफार्नच्या मठावर धाड पडली, 795 साली आयर्लंडच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर. मठांत चांदी होती, तटबंदी नव्हती, आणि या लोकांची लांबट जहाजं उथळ पाण्यातही चालत असल्याने नदीतून थेट आतवर शिरता येई. पुढची काही दशकं उन्हाळ्यात यायचं, लुटायचं आणि परत जायचं, असा क्रम होता. फरक पडला तो मुक्काम वाढू लागल्यावर.

इंग्लंडमध्ये 865 साली मोठी फौज उतरली ती परत न जाण्यासाठीच. 1 नोव्हेंबर 866 रोजी तिने यॉर्क घेतलं. त्या वेळी यॉर्क ज्या राज्यात होतं त्या नॉर्थम्ब्रियाच्या गादीवरून दोघांत भांडण चाललं होतं. पुढच्या वसंतात दोघं एकत्र येऊन शहर परत घ्यायला आले आणि दोघंही मारले गेले. एक मुख्य शहर घेतलं, राजे मेले, की अख्खं राज्य हातात, अशी तिथली घडण होती. 876 साली हाफडन या सरदाराने जमीन आपल्या माणसांत वाटली. अँग्लो-सॅक्सन बखरीत, म्हणजे इंग्लंडच्या जुन्या वर्षवार नोंदींत, त्या वर्षाची नोंद आहे की ते नांगरू लागले आणि आपलं पोट आपण भरू लागले. व्हायकिंगांबद्दलच्या साऱ्या लिखाणात मला ही नोंद सर्वांत मोलाची वाटते. दहा वर्षांपूर्वी गावं जाळणारे लोक आता पावसाची वाट बघत होते.

म्हणून यॉर्कला जाताना आधी रस्त्यावरच्या पाट्या वाचा. सेल्बी, वेदर्बी, व्हिट्बी यांतलं ‘बी’ म्हणजे गाव. नावाच्या शेवटी ‘थॉर्प’ असेल तर ती वाडी. शहरातल्या गल्ल्यांच्या नावांतला ‘गेट’ दरवाजा नव्हे, रस्ता. कॉपरगेट म्हणजे लाकडी वाट्या-कटोरे कातणाऱ्यांची आळी. विंडो, एग, स्काय, नाइफ, लॉ हे आपल्याही तोंडी बसलेले इंग्रजी शब्द याच लोकांचे, आणि ‘ते’ या अर्थाचं ‘दे’ सुद्धा. सर्वनाम उसनं घेतलं जातं ते शेजारी राहून, सोयरीक करून, एका विहिरीवर पाणी भरूनच.

कॉपरगेटवर 1976 ते 1981 असं उत्खनन झालं. ओल्या, हवा न लागणाऱ्या मातीत लाकूड, कातडं, कापड टिकून राहिलं होतं. सुमारे 40,000 वस्तू मिळाल्या: कुडाच्या भिंती, चामडी जोडे, एका सुईने विणलेला लोकरी मोजा, रेशमी टोपी आणि तांबड्या समुद्राकडून आलेली एक कवडी. यॉर्कच्या नाण्यांवर संत पीटरचं नाव आणि त्याच नाण्यावर ‘थॉर’ या व्हायकिंगांच्या जुन्या देवाचा हातोडा, असाही प्रकार सापडतो. नवा देव स्वीकारताना जुना लगेच टाकवत नाही, हे त्या टाकसाळीने जपून ठेवलं. उत्खननाच्या जागेवरच 1984 पासून यॉर्विक व्हायकिंग सेंटर आहे. छोट्या गाडीत बसून उभारलेल्या वस्तीतून जायचं, वासांसकट. मुलं बरोबर असतील तर प्रश्नच नाही, यॉर्क. तिकीट आधी काढा, रांग मोठी असते. यॉर्कशायर म्युझियममधलं कॉपरगेटचं शिरस्त्राण मात्र व्हायकिंगांचं समजू नका. ते त्यांच्या आधी तिथे राहणाऱ्या अँग्लियन म्हणजे इंग्लिश लोकांपैकी एका सरदाराचं, आठव्या शतकातलं. शिंगवालं शिरस्त्राण शोधत असाल तर ते कुठेच नाही.

डब्लिनची गोष्ट निराळी. 841 साली तिथे जहाजांचा तळ पडला. नाव गेलिक म्हणजे आयरिश भाषेतलं आहे, ‘दुव लिन’, म्हणजे काळा डोह. तो डोह आज डब्लिन किल्ल्यामागच्या बागेखाली आहे. आयर्लंडमध्ये लहानमोठे राजे इतके होते की एक मारला तरी शेजारचा उभाच. त्यामुळे सगळं राज्य एका झटक्यात कधीच हाती आलं नाही, आणि नांगर धरण्याइतकी जमीनही फारशी मिळाली नाही. मिळाली ती बंदरं: डब्लिन, वॉटरफर्ड, वेक्सफर्ड, लिमरिक. आयरिश भाषेतही खिडकीला ‘वाऱ्याचा डोळा’ या त्याच मूळ शब्दावरून नाव पडलं, पण एरवी तिने त्यांच्याकडून घेतलं ते मुख्यतः जहाजाचं आणि बाजाराचं. स्वयंपाकघरापर्यंत ते पोचले नाहीत.

आणि बाजारात काय विकलं जात होतं, ते डब्लिनला जाणाऱ्याने आधी जाणून घ्यावं. 870 साली ऑलाफ आणि इव्हार या व्हायकिंग राजांनी स्कॉटलंडमधल्या डम्बार्टनच्या खडकाला चार महिने वेढा घातला. पुढच्या वर्षी ते 200 जहाजं घेऊन डब्लिनला परतले, ती अँगल, ब्रिटन आणि पिक्ट या तिकडच्या जमातींच्या कैद्यांनी भरलेली. माणसांची विक्री हा या शहराचा मोठा धंदा होता. माणसांचा व्यापार मातीत खुणा फार कमी ठेवतो. काचेच्या कपाटात तराजू, वजनं, चांदीच्या कड्या दिसतील. त्या चांदीतली किती कुणाच्या लेकीबाळी विकून आली, हे प्रत्येक कपाटापाशी आठवावं लागतं. यॉर्कही यातून सुटलेलं नव्हतं. दोन्ही शहरांवर बराच काळ एकाच घराण्याची माणसं राज्य करत होती.

नात्यांची गुंतागुंत बघायची तर 1014 ची क्लॉन्टार्फची लढाई घ्या. आयरिश विरुद्ध व्हायकिंग असं तिचं चित्र रंगवलं जातं. प्रत्यक्षात डब्लिनचा व्हायकिंग राजा सिट्रिक याच्या बाजूने लेन्स्टरचा आयरिश राजा लढत होता. समोरचा आयरिश राजा ब्रायन बोरू सिट्रिकचा सासरा, आणि सिट्रिकच्या आयरिश आईशीही त्याचं लग्न झालेलं. ब्रायन मारला गेला, सिट्रिक त्यानंतरही वीस वर्षं राजा राहिला, रोमची यात्रा करून आला आणि आजच्या क्राइस्ट चर्चची पहिली उभारणी त्याच्याच काळात, 1030 च्या सुमाराला झाली. आयर्लंडमधली पहिली नाणीही त्याचीच.

डब्लिनचं उत्खनन यॉर्कच्याच काळातलं. वुड की या जागी आणि शेजारच्या फिशॅम्बल स्ट्रीट म्हणजे जुन्या मासळी बाजारात कुडाची घरं, मधोमध चूल, दोन्ही कडांना बसायचे कट्टे असं अख्खं शहर निघालं. पण त्या जागी महापालिकेला कचेऱ्या बांधायच्या होत्या. सप्टेंबर 1978 मध्ये सुमारे 20,000 लोक रस्त्यावर उतरले, कोर्टकचेऱ्या झाल्या, तरी इमारती उभ्या राहिल्याच. त्यामुळे डब्लिनमध्ये जागेवर बघण्यासारखं कमी आहे, याची तयारी ठेवा. वस्तू किल्डेअर स्ट्रीटच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत, प्रवेश मोफत. डब्लिनिया हे प्रदर्शन शाळकरी मुलांना आवडेल. मोठ्यांनी तो वेळ संग्रहालयाला द्यावा.

खर्च-प्रवासाचं थोडक्यात: लंडनहून यॉर्क रेल्वेने दोन तासांवर आहे, सकाळी जाऊन रात्री परतता येतं. डब्लिनला विमान आणि किमान एक मुक्काम. आयर्लंड वेगळा देश आहे. ब्रिटनचा व्हिसा तिथे चालेलच असं धरून तिकीट काढू नका.

पहिल्यांदाच जात असाल, मुलं बरोबर असतील, किंवा लुटारूंचे शेतकरी कसे झाले हे बघायचं असेल तर यॉर्क. पण माझा स्वतःचा कौल डब्लिनला. समुद्रापलीकडून आलेल्या या धाडींची किंमत कुणी मोजली, हा प्रश्न तिथे जास्त जवळून भिडतो. संग्रहालय झाल्यावर लोकल पकडून अर्ध्या तासात हाउथला जा. हे नावही नॉर्स म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेतलं, ‘डोकं’ या अर्थाच्या शब्दावरून. अल्स्टरच्या आयरिश बखरीत 821 सालाखाली लिहिलंय की या ठिकाणाहून व्हायकिंगांनी पुष्कळ बायका पकडून नेल्या. त्यांतल्या एकीचंही नाव नोंदलेलं नाही. टेकडीच्या कड्यावरून खालचा समुद्र दिसतो. त्यांना नेलं ते याच पाण्यावरून.