डिस्प्लेवर उणे १०, आत २२

व्हॅनमध्ये राहायला निघण्याआधी पोर्टेबल फ्रीजचा अभ्यास मी दोन महिने केला होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण फसलेल्या माणसाने काही वाचलंच नसणार असं लोक गृहीत धरतात. मी लीटर मोजले होते, सीटखालची जागा टेप लावून मोजली होती. झाकण वरून उघडणारं बरं की समोरून, यावर बायकोशी दोन संध्याकाळी वाद घातला होता. (वरूनच बरं. थंड हवा जड असते, समोरचं दार उघडलं की ती पायावर सांडते.) फक्त आतला गारवा नक्की कशाने तयार होतो, एवढा एक प्रश्न मी विक्रेत्याच्या शब्दावर सोडला.

१२ व्होल्टवर चालणाऱ्या ज्या पेट्या ‘फ्रीज’ म्हणून विकल्या जातात त्यांत दोन जाती प्रमुख. एक कॉम्प्रेसरवाली. घरच्या फ्रीजचंच तंत्र, आकार लहान. ती हवं ते तापमान गाठते, मग बंद पडते, गरज लागली की पुन्हा सुरू होते. दुसरी पेल्टियरची. दोन धातूंच्या जोडातून वीज गेली की एक बाजू गार आणि दुसरी गरम होते, हे झाँ पेल्टिए या फ्रेंच माणसाने १८३४ मध्ये दाखवलं, त्याच तत्त्वावर ती चालते. ही पेटी बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १५ ते २० अंश खाली जाते, त्यापुढे नाही. बाहेर २२ असेल तर आत ४-५ होतं आणि माणूस खूश होतो. बाहेर ४० असेल तर आत २०-२२. म्हणजे गारवा जेव्हा खरा हवा असतो, नेमका तेव्हाच नसतो. पेल्टियरची पेटी वाईट वस्तू आहे असं नाही. दिवसभराच्या सहलीला, घरूनच गार करून नेलेल्या बाटल्यांसाठी ती ठीक. राहण्यासाठी नाही.

मला जाहिरातीतली पेटी ‘कार कॉम्प्रेसर फ्रीज, उणे २० पर्यंत’ या नावाने दिसली. समोर जाऊन पाहिल्याशिवाय घ्यायची नाही असं ठरवलं होतं, म्हणून गेलो. पेटी आधीपासून चालू होती. हात घातला, छान गार. डिस्प्लेवर ४. खोलीत एसी लावलेला होता, हे माझ्या लक्षात आलं होतं आणि मला त्याचं बरंच वाटलं, बाहेर ऊन मी म्हणत होतं.

आता त्या माणसाचं कसब सांगतो. पेटीत जे जे संशय घ्यायला हवं होतं, ते ते त्याने गुण म्हणून विकलं. मी म्हटलं, कॉम्प्रेसरचा आवाज येत नाही, नुसता पंखाच ऐकू येतोय. तो म्हणाला, “सर, हेच तर इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचं वैशिष्ट्य. रात्री शेजारी झोपा, कळणारही नाही.” मी पेटी एका हाताने उचलली, जेमतेम ५ किलो. त्यावर, “जुने सगळे १५-१५ किलोचे असायचे, कोण उचलणार ते?” आणि वर, “हिवाळ्यात बटण फिरवा, जेवण गरमही राहतं.” हे शेवटचं वाक्य मी नीट ऐकलं असतं तर तिथूनच परत फिरलो असतो. एका बटणाने गरम होणारी पेटी बहुतेक वेळा पेल्टियरचीच असते. विजेची दिशा उलटी केली की गार बाजू गरम होते, इतकं ते सोपं आहे. पण मला त्यात एकावर एक फुकट दिसलं.

थेट खात्यावर पैसे भरलेत तर सूट देतो, म्हणाला. भरले.

पहिल्या संध्याकाळी व्हॅनमधली १०० एएचची (अँपिअर-तासांची) लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरून घेतली, सातच्या सुमाराला पेटी लावली. पहाटे गजराआधी बॅटरीच्या मीटरने जाग आणली. व्होल्टेज ११.६, म्हणजे बॅटरी उतरलेली. दुसऱ्या दिवशी वही काढून हिशेब मांडला. पेटी ४८ वॉट खाते आणि एक मिनिटही थांबत नाही. २४ तासांचे ११५२ वॉट-तास, म्हणजे १२ व्होल्टवर ९६ एएच. लेड-ॲसिड बॅटरी टिकवायची तर निम्म्याखाली उतरवायची नाही, म्हणजे माझ्या हातात होते ५०. बारा-साडेबारा तासांत खेळ खलास. कॉम्प्रेसरचा फ्रीजसुद्धा चालताना ४५-५० वॉटच घेतो, म्हणून जाहिरातीतला वॉटचा आकडा बघून काहीच कळत नाही. पण तो तासातली वीस मिनिटं चालला तर दिवसाचे ३० एएच होतात. उन्हाळ्यात जास्त, पण ९६ नाहीत.

दुपारी व्हॅन उन्हात होती, आत ४१ अंश. दूध फाटलं. बायकोने पेटीत हात घातला आणि म्हणाली, “अरे, हे गार नाहीये. हे फक्त गरम नाहीये.” डिस्प्ले मात्र ठाम होता. ४.

मग मी पाण्याचा ग्लास ठेवला, त्यात साधा थर्मामीटर उभा केला आणि दोन तासांनी झाकण उघडलं. २२. बटण दाबत दाबत डिस्प्ले १५ वर नेला. आकडा चार, पाच, सहा करत सावकाश चढत १५ वर जाऊन थांबला. अगदी खरं वाटावं असा, दमादमाने. उणे १० वर नेला, तसाच दमादमाने उतरला. पाणी २२ चं २२. तो डिस्प्ले आतलं तापमान मोजतच नव्हता. आपण सांगू तो आकडा तो आपल्यालाच परत वाचून दाखवत होता. त्याला जोडलेला सेन्सर आत कुठेच नाही, हे नंतर पेटी उघडल्यावर कळलं.

या सगळ्यात दुधाचं काही नाही. बायकोचं इन्सुलिन होतं. न उघडलेली पेन २ ते ८ अंशांत ठेवायची असतात, आणि व्हॅनसाठी फ्रीज घेण्याचं आमचं निम्मं कारण तेच होतं. चार पेन फेकून द्यावी लागली. सुदैवाने वापरात असलेलं पेन पिशवीत होतं आणि नवीन दुसऱ्याच दिवशी मिळाली. (खरा कॉम्प्रेसर फ्रीज घेतलात तर उलटी काळजी घ्या. भिंतीला चिकटून ठेवलेलं इन्सुलिन गोठतं, आणि गोठलेलं वितळवून वापरायचं नसतं.)

विक्रेत्याला फोन केला. उचलला, आणि माझी खरी फसवणूक इथून पुढे झाली असं मला वाटतं. तो रागावला नाही, टाळाटाळ केली नाही. म्हणाला, “सर, तुमची वायर किती एमएमची आहे?” वायर पातळच होती, १ चौरस मिलिमीटर, बॅटरीपासून पेटीपर्यंत ५ मीटर. जाऊन येऊन १० मीटर तांबं, ४ अँपिअरला जवळपास ०.७ व्होल्ट वाटेतच गळत होते. मी ४ चौरस मिलिमीटरची वायर टाकली, गळती ०.१७ वर आली. लायटरचं सॉकेट काढून पक्का जोड केला. सल्ला शंभर टक्के बरोबर होता. कॉम्प्रेसरचे किती तरी चांगले फ्रीज पातळ वायरमुळे सुरू होता होता बंद पडतात. माझ्या रोगावरचं ते औषध नव्हतं, एवढंच. वायरमध्ये चार दिवस गेले. मग तो म्हणाला, मागे हवा खेळायला जागा ठेवा. ठेवली. मग म्हणाला, नवीन गॅस आहे, सेट व्हायला आठवडा लागतो. असं काहीही नसतं. हलवलेला फ्रीज काही तास सरळ उभा ठेवतात, तेवढंच. पण आधीचे दोन सल्ले खरे निघाल्यामुळे मी तिसराही मानला. आठवडा संपला आणि त्याच्याबरोबर माल परत करायची मुदतही. त्यानंतर त्याने फोन उचलला नाही.

मागचं झाकण चार स्क्रूंवर होतं. आत दोन पंखे, ॲल्युमिनियमच्या पात्यांचे दोन ठोकळे आणि त्या ठोकळ्यांमध्ये दाबून बसवलेली पांढरी चौकोनी चकती, ४ सेंटिमीटर बाय ४, एक लाल आणि एक काळी वायर. कडेवर बारीक अक्षरं, टीईसी१-१२७०६, हा पेल्टियर चकतीचा मॉडेल नंबर. ना नळी, ना तांब्याचं वेटोळं, ना तो काळा डबा जो कॉम्प्रेसरच्या फ्रीजमध्ये असतो. त्या चकतीचा आणखी एक अवगुण त्या रात्रींमध्ये कळला होता, कारण मात्र आत्ता उमगलं. वीज गेली की ती चकतीच उष्णतेची वाट बनते, बाहेरची ऊब तिच्यातून सरळ आत शिरते. म्हणून पहाटे बॅटरी वाचवायला पेटी बंद केली की तासाभरात सगळं कोमट.

आणि बाजूचं लेबल. ‘कॉम्प्रेसर कूलर’ लिहिलेलं चकचकीत स्टिकर एका कोपऱ्यात उचकटत होतं. नखाने ओढलं. खाली कारखान्याची मूळ पट्टी, तीवर स्वच्छ लिहिलेलं, थर्मोइलेक्ट्रिक, म्हणजेच पेल्टियर. म्हणजे बनवणाऱ्याने खोटं सांगितलंच नव्हतं. मधल्या माणसाने सांगितलं होतं, कात्री आणि गोंद वापरून.

आता लेबलाकडे बघायची सवयच लागली आहे. खऱ्या कॉम्प्रेसरच्या फ्रीजवर त्यात भरलेल्या गॅसचं नाव आणि ग्रॅममध्ये वजन छापलेलं असतं, उदाहरणार्थ आर-१३४ए किंवा आर-६००ए. पेल्टियरमध्ये गॅसच नसतो, त्यामुळे ती ओळ असूच शकत नाही. फोमच्या भिंतीत वापरलेल्या गॅसचं नाव कधी कधी वेगळं असतं, त्याच्याशी गल्लत करू नका. शिवाय हवामानाचा वर्ग असतो, टी असेल तर बाहेर ४३ अंशांपर्यंत काम करायची तयारी, नुसता एन असेल तर ३२. व्हॅन उन्हात उभी राहणार असेल तर ३२ म्हणजे काहीच नाही.

तक्रार केली. पैसे थेट खात्यावर गेले होते, त्यामुळे जाहिरात लावणारी वेबसाइट म्हणाली व्यवहार आमच्यामार्फत झालाच नाही, आणि बँक म्हणाली तुम्ही स्वतःच्या हाताने पाठवलेत. दोघांचंही चूक म्हणता येत नाही. स्टिकरचे आणि चकतीचे फोटो मी दोन्हीकडे दिले आहेत. पैसे आलेले नाहीत.

दुसरा फ्रीज घेताना मी एवढा त्रासदायक गिऱ्हाईक झालो होतो की दुकानदाराने बसायला खुर्ची दिली. पेटी बंद आणि खोलीइतक्या तापमानाची असतानाच सुरू करायला लावली. वीज मोजायचं मीटर नेलं होतं, अर्धा कप पाणी आणि थर्मामीटर पण. उणे १० वर ठेवून साडेतीन तास बसलो. तासाभरात भिंतीवर दव धरलं, नंतर त्याचा पांढरा थर झाला. शेवटी कपातल्या पाण्याला कडेने बर्फ होता. मग तापमान ५ वर करून थांबलो. थोड्या वेळाने ‘टक्’ झालं आणि मीटरवरचे ४६ वॉट एकदम १ वर आले. ते ‘टक्’ ऐकायलाच मी गेलो होतो. वजन १४ किलो, उचलताना कंबर बोलली.

जुनी पेटी व्हॅनच्या दारात पायरी म्हणून ठेवली आहे. परवा सहज ती जाहिरात शोधली. आहे अजून, तोच फोटो, तोच उणे २० चा दावा, नाव मात्र नवीन. मी तक्रारीत लिहिलं होतं की गरम करण्याच्या बटणावरूनच हा पेल्टियर आहे हे उघड होतं. जाहिरातीतून तेवढी एक ओळ त्याने काढून टाकली आहे.